तोंडी मिळालेलं टेबल

प्रश्न : तहसील कार्यालयात महसूल सहाय्यक आहे. शेजारच्या टेबलचे काका रिटायर झाले तेव्हा साहेब म्हणाले, दोन महिने त्यांचंही बघून घ्या, तुमचं लक्षात ठेवीन. वर्ष होत आलं, ऑर्डर काही नाही, रविवारी पण ग्रुपवर 'माहिती तातडीने' चालूच. सीआर (वार्षिक गोपनीय अहवाल) चांगला मिळेल म्हणून कधी नाही म्हटलं नाही. आता साहेबांची बदली होतेय म्हणे. काय करू?

उत्तर : ताई, साहेबांचा हेतू वाईट असेलच असं नाही हो, जागा रिकामी, वरून रोज विचारणा, मग जो नाही म्हणत नाही त्याच्याच टेबलावर फाईली येतात, सगळीकडे हेच. पण 'लक्षात ठेवीन' हे साहेब बोलले, कार्यालय नाही. 2005 च्या बदली कायद्यात एका पदावरचा कार्यकाल साधारण 3 वर्षं, आणि मंत्रालयाबाहेरच्या गट क ला, म्हणजे तुमच्यासारख्यांना, असे दोन कार्यकाल, म्हणजे 6 वर्षं. साहेब जाणार, तुम्ही तिथेच, आणि नवीन साहेबांना वाटणार ही दोन्ही टेबलं पहिल्यापासून तुमचीच!

त्याच कायद्यात फाईल सहसा 7 कामाच्या दिवसांपेक्षा जास्त कुणाकडे पडून राहू नये असंही आहे. उद्या काकांच्या टेबलची जुनी प्रकरणं तपासणीत निघाली तर खुलासा तुम्हालाच मागणार, आणि टेबल तुमच्याकडे कधी आलं, किती प्रलंबित होतं याचा कागद कुठंय?

म्हणून साहेब असतानाच एक साधी टिपणी टाका. 'अमुक तारखेच्या तोंडी सूचनेनुसार सदर कार्यासनाचे काम पाहत आहे, लेखी आदेश व्हावेत', सोबत प्रलंबित प्रकरणांची यादी. यात उद्धटपणा काही नाही, तोंडी आदेशाची लेखी पुष्टी घ्यायची हे 1979 च्या वर्तणूक नियमांतच आहे. साहेब जरा तोंड वाकडं करतील, करू देत.

सीआरचं म्हणाल तर स्वतःच्या कामाबद्दल लिहायच्या जागेत दोन्ही टेबलांचे आकडे टाका, तिथे लोक 'नेमून दिलेली कामे केली' एवढंच लिहितात आणि मग शेरा बघून रडतात. शेरा मागून घ्या, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवायलाच हवा हे सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये देव दत्त प्रकरणात सांगितलंय.

रविवारच्या मेसेजचं मात्र नवीन साहेब आल्यावर पहिल्याच आठवड्यात बोला. विधानसभेचा प्रश्न असेल तर लगेच देईन, बाकीचं सोमवारी.