सिनेमा-कॉमिक्समधल्या सुपरहिरोइनचं चित्रण खरंच सुधारलंय का?

सुधारलंय, पण सरळ चढत्या रेषेत नाही. वंडर वुमनचंच बघा. १९४१ मध्ये विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने तिला जन्म दिला, तो मुलींपुढे एक ताकदवान बाई असावी म्हणून. लगेच पुढच्या वर्षी तिला जस्टिस सोसायटी या सुपरहिरोंच्या टोळीत घेतलं, तर कशासाठी? सेक्रेटरी म्हणून! पुरुष मंडळी लढायला बाहेर आणि ही मागे ऑफिस सांभाळायला. १९६८ मध्ये तर तिच्या शक्तीच काढून घेतल्या आणि बाईसाहेब कपड्यांचं बुटीक चालवू लागल्या. १९७२ मध्ये स्त्रीवादी ग्लोरिया स्टायनम यांच्या 'मिझ' (Ms.) मासिकाने तिला मुखपृष्ठावर झळकवलं, शक्ती परत मिळाल्या त्या १९७३ मध्ये.

कपड्यांचा वाद मात्र संपत नाही. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तिला महिला सबलीकरणाची मानद राजदूत केलं, तेव्हा तिथल्याच कर्मचाऱ्यांनी तोकड्या पोशाखावर आक्षेप घेतला. दोन महिन्यांच्या आत ते पद गेलं. मला स्वतःला पोशाखापेक्षा कॅमेरा महत्त्वाचा वाटतो. २०१७ च्या पॅटी जेन्किन्सच्या चित्रपटात ती त्याच छाप्याचा पोशाख घालून खंदकातून वर चढते, पण आपलं लक्ष ती काय करतेय याकडे असतं.

दुसऱ्या कॉमिक्स कंपनीचं, मार्व्हलचं काय विचाराल, तर त्यांची सुपरहिरोइन ब्लॅक विडो २०१० मध्ये पडद्यावर आली आणि तिचा स्वतंत्र चित्रपट यायला २०२१ उजाडलं. तोवर २०१९ च्या 'ॲव्हेंजर्स: एंडगेम' या चित्रपटात तिला मारूनही झालं होतं.