दगडी 'हत्यारे' की 'अवजारे'? आणि हातकुऱ्हाड ही कुऱ्हाड आहे का?

प्रश्न असा आला आहे: शाळेच्या पुस्तकांत आणि संग्रहालयांच्या पाट्यांवर अश्मयुगातल्या वस्तूंना 'दगडी हत्यारे' म्हणतात. हत्यार तर मारायचे असते, मग 'अवजारे' म्हणायला नको का? शिवाय हातकुऱ्हाडीला, म्हणजे मुठीत धरायच्या धारदार दगडाला, दांडा नाही, तरी ती कुऱ्हाड कशी? आणि बारीक दगडी पात्यांना म्हणतात ते 'सूक्ष्मास्त्र' खरेच अस्त्र आहे का?

'हत्यार'च ठेवावे. या शब्दाचा 'हत्ये'शी काही संबंध नाही. तो 'हाता'च्या कुळातला आहे, हिंदी 'हथियार'चा भाऊ. सुताराची हत्यारे, गवंड्याची हत्यारे असे आपण सहज म्हणतो, तिथे कोणी कोणाला मारत नसते. 'अवजार' फारसीतून आले आणि मराठीत बरेचसे शेतीकडे झुकले: नांगर, कुळव, पाभर. शेती सुरू होण्याच्या लाखो वर्षे आधीच्या शिकाऱ्याच्या हातातल्या दगडाला ते लावले तर चूक नाही, पण चपखलही बसत नाही. टाळायचा शब्द आहे तो 'शस्त्र'. या दगडांतले बहुतेक शिकार पडल्यानंतर कामाला येत.

हातकुऱ्हाडीचे नाव कामावरून नव्हे, दिसण्यावरून पडले. इंग्लंडमध्ये हॉक्सन येथे सापडलेल्या अशा दगडांबद्दल जॉन फ्रेअर यांनी १७९७ साली लिहिले, तेव्हा त्यांना ती युद्धाची हत्यारे वाटली. पुढे फ्रान्समधल्या सोम नदीच्या खोऱ्यात बुशे द पेर्त यांनी त्यांना कुऱ्हाडी म्हटले. तिथले खाणकामगार मात्र त्यांना 'मांजराच्या जिभा' म्हणत, आणि आकार पाहता तेच वर्णन जास्त नेमके आहे. भारतात रॉबर्ट ब्रूस फूट यांना १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम येथे असा दगड मिळाला, तोवर 'कुऱ्हाड' हे नाव रुळले होते. प्रवरेकाठी नेवासे आणि जवळच्या चिरकी येथे मिळालेल्या हातकुऱ्हाडींनाही मराठीत तेच नाव लागले.

काम काय होते, ते इंग्लंडमधल्या बॉक्सग्रोव्हला चांगले दिसते. सुमारे ५ लाख वर्षांपूर्वी तिथे घोड्यासारखी मोठी जनावरे फाडली गेली. हाडांवर आधी कापल्याच्या बारीक रेघा आहेत आणि त्यांच्यावर ठोकल्याच्या खुणा. म्हणजे क्रम कळतो: कातडे सोडवायचे, सांध्यातले स्नायुबंध कापायचे, मांस उतरवायचे, आणि हाड शेवटी गोल हातोडी-दगडाने फोडून मगज काढायचा. फोडायला हातकुऱ्हाड वापरत नसत. तिची धार दोन्ही बाजूंनी छिलके (दगडाच्या पातळ कपच्या) काढून पातळ केलेली असते. हाडावर हाणली की तुकडा उडतो. ती दाबून ओढायची, सुरीसारखी. जाड बूड तळहातात बसते आणि दगडाचे वजनच दाब देते. मोठ्या जनावरात, लांब कापायला, याचा फायदा होतो. बारीक कामाला मात्र ताजा छिलका अधिक धारदार. चरबीने धार माखते आणि हातही घसरतो, म्हणून मधूनमधून पुसावे लागते. बॉक्सग्रोव्हच्या कारागिरांनी टोकाजवळ आडवा एकच छिलका उडवून सरळ, ताजी धार काढलेली आहे.

खरी दगडी कुऱ्हाड येते ती नवाश्मयुगात, घासून गुळगुळीत केलेली, दांड्यात बसवलेली. डेन्मार्कमधल्या द्रावेडच्या जंगलात १९५०च्या दशकात अशा अस्सल कुऱ्हाडींनी झाडे तोडून पाहिली. पोलादी कुऱ्हाडीसारखा खांद्यापासून घाव घातला की पाते तुटे. कोपरापासून लहान, भरभर घाव घातले की काम होई. एवढा फरक असूनही 'हातकुऱ्हाड' बदलू नये असे माझे मत आहे, कारण शब्द रुजला आहे. पाटीवर कंसात 'कापण्याचे हत्यार' एवढे लिहिले तरी पुरे. क्लीव्हरला, म्हणजे टोकाऐवजी रुंद सरळ धार असलेल्या दगडी हत्याराला, काही जण 'फरशी' म्हणतात. परशूवरून आलेला तो शब्द सुंदर आहे, पण आज वाचकाच्या डोळ्यांपुढे घरातली फरशी येते, म्हणून तिथे 'फरशी-कुऱ्हाड' लिहावे.

'तासणी'बद्दल (इंग्रजीत स्क्रेपर) थोडे. तासायचे ते लाकूड, कातडे खरवडायचे. या हत्याराने दोन्ही कामे होत, पण धार एकच नसे. कातड्यासाठी कड मुद्दाम उभी आणि किंचित बोथट ठेवतात, नाहीतर कातड्याला भोक पडते. चांभाराची रापी कापते, ही कापता कामा नये. सूक्ष्मदर्शकाखाली सुक्या कातड्यावर वापरलेली कड गोलावलेली आणि मंद दिसते, यावरून काम ओळखता येते.

आता 'सूक्ष्मास्त्र'. अस्त्र फेकायचे, शस्त्र हातात धरायचे, हा भेद धरला तर बाणाच्या काट्याला हा शब्द अगदी योग्य आहे. दोन-तीन सेंटिमीटरची चंद्रकोर किंवा त्रिकोण, एक बाजू धारदार, दुसरी बारीक ठोकून बोथट केलेली. बोथट बाजू लाकडाच्या खाचेत जाते. ती धारदार राहिली तर खाचच चिरते आणि बांधलेला दोरा तुटतो. चिकटवायला राळ लागते, पण नुसती राळ ठिसूळ असते, धक्क्याने फुटते. म्हणून तीत मेण, कोळशाची पूड किंवा गेरू मिसळतात. फार तापवली तरीही ती ठिसूळ होते. एक काटा तुटला तर तेवढाच बदलायचा, हा या रचनेचा मोठा गुण. भीमबेटकाच्या चित्रांत असे काटेरी भाले आणि बाण दिसतात.

पण तशीच बारीक पाती विळ्यातही बसत. गवत कापून कापून त्यांच्या धारेवर चकाकी येते, ती नुसत्या डोळ्यांनीही दिसते. इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन शेतकरी गावात कॅल्सेडनीची (गारेसारख्या दगडाची) पाती विपुल मिळाली आहेत, त्यांना अस्त्रे म्हणणे पटत नाही. जिथे वापर ठाऊक नाही तिथे 'सूक्ष्माश्म' किंवा सरळ 'बारीक दगडी पाती' लिहावे. 'सूक्ष्मास्त्र' बाणाच्या आणि भाल्याच्या काट्यांपुरते राखावे.