‘नंतर’चं बटण इतकं फिकट का?

जळगाव,
पोळ्याच्या आदल्या दिवशी

पोरी, आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री वाचला. उत्तर अंगठ्याने टाईप करण्यासारखं नव्हतं, म्हणून पत्र. कर्ज देणाऱ्या ॲपच्या पहिल्याच स्क्रीनवर कॉन्टॅक्टची परवानगी मागायची, ‘परवानगी द्या’ हिरवं आणि ठळक, ‘नंतर’ मात्र उन्हात दिसूच नये इतकं फिकट. असं काम तुझ्याकडे आलंय. आणि तू विचारतेस, निर्णय वरच्यांचा, मी नुसते रंग भरणार, मग माझा काय दोष?

सोपं आधी उरकतो. सप्टेंबर २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जासाठी नियम काढले. कर्जाच्या ॲपने फोनमधली कॉन्टॅक्ट यादी, कॉल लॉग, फोटो-फायली यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन लागलंच तर एकदाच, केवायसीपुरतं, तेही माणसाने हो म्हटल्यावर. मागचं कारण आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. हप्ता चुकला की वसुलीवाले त्या यादीतल्या मामाला, मास्तरांना, शेजारणीला फोन लावायचे. तेव्हा तुझं हे काम रंगाचं नाहीच. मॅनेजरला मेलवर लिही, नियमाचा उल्लेख करून, शांतपणे. तोंडी सांगितलेलं पुढे कोणालाच आठवत नाही.

पण नियम दरवेळी वेळेवर येत नाही.

साक्री तालुक्यातलं राईनपाडा तुला सांगायला नको. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजार. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा व्हॉट्सॲप मेसेजांनी मुलूख धास्तावलेला. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षेसाठी आली होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जिवे मारलं. मारणारे हात माणसांचेच होते. ॲपवर सगळं ढकलून मोकळं होणाऱ्यांशी माझं जमत नाही. तरी त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने काय केलं ते बघ. भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड, आणि फोटो-व्हिडिओच्या शेजारचं झटपट फॉरवर्डचं बटण काढून टाकलं. एप्रिल २०२०मध्ये, फार फिरून आलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला. मेसेज एन्क्रिप्टेड, आत काय लिहिलंय ते कंपनीला वाचता येत नाही. खरं-खोटं निवडता येत नव्हतं, वेग मात्र कमी करता येत होता. हे आधीही करता आलं असतं. ते बटण आकाशातून पडलं नव्हतं. ‘एक टॅप वाचतो’ म्हणून कोणीतरी ठेवलं असेल, आणि त्या दिवशी बाकीच्यांनी माना डोलावल्या असतील.

माझंही एक बटण आहे. पुणं सोडून इकडे आलो तेव्हा एका व्यापाऱ्यासाठी केळी कापणाऱ्या टोळ्यांच्या हिशोबाचं ॲप केलं. कोणाला किती उचल दिली, किती फिटली, किती बाकी. शेअरचं बटण सगळ्याच स्क्रीनवर होतं, तसं उचलीच्या पानावरही राहिलं. मी ते मुद्दाम ठेवलं नाही. काढलंही नाही. दोन महिन्यांत ती यादी रावेर-यावलकडच्या मुकादमांच्या ग्रुपवर फिरत होती. पारोळ्याकडच्या एका माणसाच्या नावापुढे मोठी बाकी दिसत होती. बायकोच्या बाळंतपणाला घेतलेली. पण ते लिहायला मी रकानाच ठेवला नव्हता. त्या हंगामात त्याला कोणी टोळीत घेईना. तो दारात आला. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाला, “मनं नाव तुमना मोबाईलमा कसाले टाकं?”

बटण काढायला मला दहा मिनिटं लागली. यादी ग्रुपांमधून आजही निघालेली नाही.

तेव्हापासून स्क्रीन हातावेगळी करण्याआधी मी एक प्रश्न कागदावर लिहितो: हे बिघडलं तर त्रास कोणाच्या दारात जाईल? उत्तरात माणूस दिसला पाहिजे. ‘वापरकर्ता’ असं उत्तर आलं तर समज, तू विचारच केलेला नाहीस. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार दिलं गेलं, आपल्याला त्याचं कौतुकही होतं. पण निंदणी-खुरपणीत बोटं घासलेल्या बाईचा ठसा मशीन घेत नाही, तेव्हा रेशनवर ‘उद्या या’ ऐकून तिची एक मजुरी बुडते, आणि वर दोष तिच्या बोटांचा ठरतो. ऑफिसातल्या मऊ बोटांवर सगळं नीट चालतं गं. तुझी स्क्रीन एकदा धुळ्याच्या बसस्टँडवर नेऊन बघ. भर दुपारी, तडा गेलेल्या काचेच्या फोनवर, नेटवर्कची एकच काडी असताना. तिथल्या एखाद्या आजीला ‘नंतर’ सापडतंय का ते बघ.

आणखी एक. ३० नोव्हेंबर २०२३ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या डिझाइनचे तेरा प्रकार नावानिशी दिले आहेत: खोटी घाई लावणं, टोपलीत न मागितलेली वस्तू सरकवणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, ‘नको’ म्हणायचं बटण मुद्दाम दडवणं. वाचून ठेव. मीटिंगमध्ये ‘मला हे बरं वाटत नाही’ म्हणालीस तर पोरगी हळवी आहे म्हणतील. प्रकाराचं नाव घेतलंस तर वकिलाला विचारावं लागेल.

राजीनामा वगैरे टोकाचं इतक्यात मनात आणू नकोस. घरचे हप्ते तुझ्या पगारावर आहेत, ते मला माहीत आहे. शूरपणा मी मागत नाही. नुसतं ‘नाही’ म्हणण्यापेक्षा त्यांना दुसरी स्क्रीन करून दे. कॉन्टॅक्ट न मागणारी. अडचणीला दुसरा नंबर हवाच असेल तर माणूस स्वतः टाईप करेल, एक, आणि त्या दुसऱ्या माणसाला आधी विचारून. तयार पर्याय समोर असला की बरेचदा वरचे लोक तोच उचलतात, कारण त्यांनाही घरी लवकर जायचं असतं. नाही उचलला, तरी तू काय लिहिलं होतंस ते मेलमध्ये राहील. तेही न ऐकता तीच जुनी स्क्रीन बाहेर काढायला निघाले, तर मात्र फोन कर. तेव्हा दुसऱ्या नोकरीचं बोलू, माझी दोन-तीन माणसं आहेत पुण्यात.

मेल पाठवण्याआधी मला दाखवायचा असेल तर दाखव. दुपारी दोन ते चार मी झोपतो, तेवढं सोडून कधीही.

तुझा,
सर