वाचक विचारतात : टेबलावरचं आरमार

आम्हा चौघांना आंग्र्यांचं आरमार विरुद्ध ईस्ट इंडिया कंपनी असा टेबलावरचा खेळ सुरू करायचा आहे. टेबल सहा फूट बाय चार फूट. बाजारात १:२४००, १:१२०० आणि १:७०० अशा प्रमाणांतली छोटी जहाजं दिसतात. कोणती घ्यावीत? (अलिबाग)

युरोपातल्या लढायांसाठी आम्ही बहुतेकांना १:१२०० सुचवतो. तुमच्यासाठी मात्र १:७०० घ्या. कारण साध्या भागाकारात आहे. ७४ तोफांच्या युद्धनौकेचा तोफांचा मजला साधारण ५२ मीटर लांब. तो १:१२०० मध्ये ४३ मिलिमीटर होतो आणि १:७०० मध्ये ७४. आपली गुराब, म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांची लढाऊ नौका, त्याहून बरीच लहान. ती २८ मीटरची धरली तर १:१२०० मध्ये जेमतेम २३ मिलिमीटर उरते, १:२४०० मध्ये १२. एवढ्याशा तुकड्यावर गुराबेची खरी ओळख, म्हणजे पुढे आलेली उघडी नाळ (जहाजाचं पुढचं टोक), नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. मग टेबलावर सगळीच जहाजं सारखी दिसतात आणि खेळातली मजा जाते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. लँग्टन (१:१२००), टंबलिंग डाइस (१:२४००) किंवा वॉरलॉर्डचं ब्लॅक सीज (१:७००) यांच्या मालाचा गाभा युरोपीय आरमारं हाच आहे. कंपनीच्या बाजूची जहाजं त्यातून सहज जमतील. गुराबा आणि गलबतं (वल्ह्यांवरही चालणारी त्याहून लहान लढाऊ जहाजं) मात्र स्वतः बनवायची तयारी ठेवा. हाताने बनवायचं तर १:७०० पेक्षा लहान जाण्यात शहाणपण नाही. एकदा ठरवलेलं प्रमाण दोन्ही बाजूंना तेच ठेवा.

१:७०० मध्ये तीन डोलकाठ्यांची गुराब बनवली. मित्र म्हणतात, ही तर छोटी इंग्रजी फ्रिगेट दिसते. काय चुकलं असेल? (देवगड)

तुमच्या फोटोत दोन चुका स्पष्ट दिसतात. नाळेभोवती कठडा उभा केला आहे आणि जहाज फार अरुंद झालं आहे.

१८व्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांत गुराबेची घडण नेमकी सांगितलेली आहे. ती लांबीच्या मानाने चांगली रुंद, दोन्ही टोकांकडे निमुळती आणि पाण्यात फार कमी बुडणारी असे. दोन काठ्यांची सुमारे १५० टनांची, तीन काठ्यांची ३०० टनांपर्यंत. पुढे भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी नाळ पुढे आलेली. नाळेचा तक्ता मुख्य डेकच्याच पातळीत, पण मध्ये एक आडवी भिंत. समोरून लाटा आल्या की असं जहाज जोरात डुचमळतं. म्हणून नाळेला कडेने काहीच नसे, चढलेलं पाणी तसंच वाहून जाई. त्या भिंतीतल्या दोन भोकांतून नऊ किंवा बारा पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा टाकणाऱ्या) दोन तोफा नाळेवरून थेट पुढे मारा करत. कडेच्या तोफा सहा ते नऊ पौंडी.

हे टेबलावर असं उतरवा. नाळ सोडून लांबी ४० मिलिमीटर, मध्यावर रुंदी १२ मिलिमीटर. एक मिलिमीटर जाडीच्या पांढऱ्या प्लास्टिक शीटचे तीन थर एकावर एक चिकटवा. हा पाण्यावरचा भाग झाला. खालचे दोन थर ४० मिलिमीटरचेच. सगळ्यात वरचा थर कापताना नाळेचं ९ मिलिमीटरचं निमुळतं टोक त्याच तुकड्यात ठेवा. वेगळी नाळ मागाहून चिकटवली तर ती पहिल्याच धक्क्याला तुटते. टोकाखाली तिरका घासलेला छोटा तुकडा आधाराला द्या. थर पूर्ण सुकायला एक रात्र जाऊ द्या. ओल्या जोडावर पॉलिशपेपर चालवला की कडा सरकतात.

आता कठडा. दीड मिलिमीटर उंचीची पट्टी फक्त ४० मिलिमीटरच्या भागाला लावा. पुढे आडवी भिंत आली की पट्टी तिथेच थांबली पाहिजे. भिंत लावण्याआधीच तिच्यात हात-ड्रिलने ०.६ मिलिमीटरची दोन भोकं पाडा, नंतर ड्रिल तिथे पोचत नाही. त्यांत ०.५ मिलिमीटरच्या पितळी तारेच्या तोफा बसवा, तोंडं दोन मिलिमीटर बाहेर. भिंतीमागे छोटं छप्पर, पिछाडीला एक थर उंची, बस. इंग्रजी जहाजासारखी उंच, नक्षीदार पिछाडी करू नका.

काठ्यांसाठी अगरबत्तीची बांबूची काडी तासून एक मिलिमीटरवर आणा. दोऱ्याच्या ताणाने ती प्लास्टिकच्या सळईसारखी वाकत नाही. काठीचं भोक तिन्ही थरांतून खालपर्यंत न्या. शिडं ७५ जीएसएमच्या कागदाची. पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल लावून पेन्सिलीवर गुंडाळून सुकवली की पोट धरतात.

गलबतं करताना मुख्य काठीला एकच मोठं त्रिकोणी शीड द्या आणि त्याचं टोक काठीच्या बरंच वर जाऊ द्या. मागची काठी अगदी बारीक. दोन्ही काठ्या सारख्या केल्या तर ते गलबत राहत नाही.

निशाण कोणत्या बाजूला फडकलेलं दाखवावं? (मुरूड)

वारा जिकडे जातो तिकडे. शिडं पुढे फुगलेली आणि निशाण मात्र मागे उडतंय, ही चूक विकत घेतलेल्या जहाजांवरही दिसते. वारा पाठीवर असेल तर निशाण नाळेकडे उडेल. कागदाचं निशाण काठीभोवती दुमडून फेव्हिकॉल ओला असतानाच वळवा. आंग्र्यांच्या बाजूला भगवा. कंपनीच्या निशाणावर लाल-पांढरे पट्टे असत आणि कोपऱ्यात १७०७ पूर्वी सेंट जॉर्जचा लाल क्रूस, त्यानंतर युनियन, म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडचं एकत्रित चिन्ह. १६७९ च्या खांदेरीच्या लढाईला युनियनचं निशाण लावू नका.

पावसाळ्यात जहाजांवर पांढरी झाक आली, दोरखंड सैल पडले. जुन्या शिशाच्या दोन जहाजांवर तर पांढरी पूड जमली आहे. सगळं एकाच कारणाने झालं का? (रत्नागिरी)

नाही, तिन्ही वेगळी दुखणी आहेत, आणि शेवटचं गंभीर आहे.

झाक दोन प्रकारची असते. सगळ्या जहाजावर धुक्यासारखी पसरली असेल तर ती मॅट स्प्रेची. दमट हवेत फवारा सुकताना त्यात पाण्याचा अंश अडकतो. वरून चकचकीत वॉर्निशचा एक हात ब्रशने द्या, बहुतेक वेळा धुकं निघतं. मग ब्रशनेच मॅट लावा. बाटली मात्र चांगली हलवून घ्या, मॅट करणारी पूड तळाशी बसलेली असते. जूनपासून दसऱ्यापर्यंत कोकणात स्प्रेचा डबा उघडूच नये असं आमचं मत आहे. झाक फक्त सांध्यांभोवती असेल तर ती सुपरग्लूची. त्याची वाफ हवेतल्या ओलाव्याशी मिळून शेजारी पांढरी बसते. सुईच्या टोकावर मावेल इतकाच गोंद घ्या किंवा दोन भागांचा इपॉक्सी वापरा.

दोरखंडासाठी बहुधा नायलॉन वापरलं असेल. ते ओलाव्याने लांबतं. सुती दोरा उलट आखडतो आणि बारीक काठ्या वाकवतो, शिवाय त्याची लव मोठ्या दोरखंडासारखी दिसते. पॉलिएस्टरचा शिवणाचा दोरा घ्या आणि मेणाच्या तुकड्यावरून दोनदा ओढा. आधी प्रत्येक काठीचा पुढचा ताण (आधाराचा दोर) बांधा, लगेच त्याच काठीचा मागचा. सगळे पुढचे ताण आधी बांधले तर काठ्या नाळेकडे झुकतात आणि मग सरळ होत नाहीत.

आता शिसं. ती पूड म्हणजे गंजलेलं शिसं आहे आणि ती विषारी आहे. नवीन लाकूड, प्लायवूड, एमडीएफ आणि पुठ्ठा यांतून आम्लाची वाफ सुटते. बंद कपाटात ती शिशाला खाते. समुद्राचं पाणी दाखवायला व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन वापरलं असेल तर तेही हेच करतं. पाण्यासाठी अॅक्रिलिक जेल वापरा. सफाई करताना हातमोजे आणि मास्क घाला. पूड कोरडी खरवडू नका. पाण्याखाली मऊ ब्रशने काढा आणि ते पाणी विहिरीजवळ किंवा बागेत ओतू नका. मुलांना लांब ठेवा. डिस्टिल्ड पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा आणि त्याच दिवशी तळासकट प्रायमर द्या. बारीक परबाणं (शिडांचे आडवे दांडे) आतून खाल्ली गेली असतील तर ती वाचणार नाहीत, पितळी तारेची नवी करा.

पुढे सगळा ताफा घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की १२० अंशांवर दोन तास तापवा, पण स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको.

आमच्या खेळात गुराबा दर वेळी हरतात. कंपनीचं जहाज एकदा कडेचा मारा करतं आणि दोन गुराबा संपतात. नियम बदलावेत का? (मालवण)

आधी डाव बदला. तुम्ही गुराबा कडेला कड लावून लढवताय. आंग्र्यांनी तसं लढणं टाळलं, म्हणून तर खुल्या समुद्रात कंपनीची जहाजं धास्तावून असत.

त्यांची रीत अशी होती. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतं एकदम निघत. सावजाच्या पिछाडीला जमत आणि नाळेच्या तोफांनी लांबून फक्त डोलकाठ्यांवर मारा करत. मागून पाहताना तिन्ही काठ्या जवळजवळ एका रेषेत आल्या की नेम धरत, म्हणजे एक गोळा चुकला तरी पुढची काठी सापडे. काठ्या पडल्या की जवळ येऊन चहूबाजूंनी मारा. तरीही जहाज झुंजत राहिलं तर गलबतांतून शेकडो माणसं तलवारी घेऊन एकाच क्षणी चढत.

हे नियमांत आणायला फार काही लागत नाही. टेबलावरचं एक गलबत म्हणजे पाच खरी गलबतं धरा. एका मोठ्या जहाजाविरुद्ध तीन गुराबा आणि आठ गलबतं द्या. थेट पिछाडीच्या दहा अंशांत असलेल्या गुराबेला शिडांवरच्या माऱ्यासाठी फाशावर दोन जास्त. समोरून लाटा घेत असेल तर नाळेच्या तोफा त्या फेरीत बंद. वारा पडला की दोन गलबतं मिळून एक गुराब ओढतील. मोठी गलबतं चाळीस-पन्नास वल्ह्यांवर तासाला चार मैल जात, ओढताना निम्मा वेग धरा. जहाजावर चढाई करायची तर किमान तीन बाजूंनी एकाच फेरीत पोचलं पाहिजे. एकेकटं गलबत पाठवणाऱ्याला यश मिळू नये.

आणि वारा! युरोपातल्या नियमांत फासा टाकून वारा थोडा थोडा फिरतो. आपल्या किनाऱ्यावर तसं नाही. दिवाळीनंतर सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून. मग थोडा वेळ शांत. दुपारी खारा वारा, पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून. डाव सकाळी सातला सुरू करा, फेरी पंधरा मिनिटांची. सातव्या तासापर्यंतच्या २८ फेऱ्यांत दहाव्या फेरीपर्यंत मतलई ठेवा. मग दर फेरीला फासा टाका. पाच किंवा सहा आला की वारा पडला. त्यानंतर चार फेऱ्या शांतता, पुढे खारा वारा. खाडीतून निघणाऱ्या गुराबांना सकाळी वारा पाठीवर मिळतो. शांततेत वल्ही कामाला येतात. खाऱ्या वाऱ्यात काठ्या गमावलेलं जहाज किनाऱ्याकडे ढकललं जातं. टेबलाच्या पूर्वेकडच्या एक फूट पट्टीवर उथळ पाणी आखा. तिथे कंपनीचं जहाज रुतेल, गुराब नाही.

कंपनीच्या खेळाडूनेही बाजू सोडू नये. त्याने दोन जहाजं एकमेकांची पिछाडी राखत ठेवली आणि सकाळीच किनाऱ्यापासून दूर काढली तर आंग्र्यांना फार कष्ट पडतील. १८ ऑक्टोबर १६७९ ला खांदेरी बेटापाशी मराठ्यांनी इंग्रजांचं ‘डव्ह’ जहाज धरलं, पण ‘रिव्हेंज’ने निकराने झुंज देऊन स्वतःला वाचवलं. तोच डाव मांडून पाहा. त्यात मराठ्यांचा विजय जहाज बुडवण्यावर ठेवू नका. थळच्या किनाऱ्यावरून खांदेरीला रसदीच्या किती होड्या पोचल्या, ते मोजा.