डिसेंबरचं जन्मरत्न म्हणून पिरोजा, झिरकॉन की टँझनाइट? भेट म्हणून रोज वापरायची अंगठी करायची आहे.

तिन्ही डिसेंबरचेच खडे आहेत, त्यामुळे "खरा कोणता" या प्रश्नात अडकू नका. आज सगळीकडे चालते ती जन्मरत्नांची यादी अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने १९१२ मध्ये ठरवली. तेव्हा डिसेंबरच्या वाट्याला पिरोजा (टर्क्वाइज) आणि लाजवर्द (लॅपिस लाझुली, गडद निळा खडा) आले होते. १९५२ मध्ये लाजवर्दाच्या जागी झिरकॉन आला आणि २००२ मध्ये टँझनाइटची भर पडली. टँझनाइट तर १९६७ मध्ये टांझानियातल्या मेरेलानी टेकड्यांत सापडला, म्हणजे मूळ यादी झाली तेव्हा तो कुणाला माहीतच नव्हता. जो रंग त्या व्यक्तीला आवडेल तो घ्या.

अडचण "रोज वापरायची अंगठी" या शब्दांत आहे. डिसेंबरचा एकही खडा रोजच्या अंगठीसाठी चांगला नाही. माझा आग्रह असा की आधी दागिना ठरवा आणि मग खडा. कानातले किंवा पेंडंट करणार असाल तर तिन्ही उत्तम. अंगठीच हवी असेल तर ती कधीमधी घालायची, असं देतानाच सांगा.

कारण साधं आहे. घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीचे, बारीक कण असतात आणि त्यांची कठिणता मोहस् मापावर (१ सगळ्यांत मऊ, १० म्हणजे हिरा) ७ असते. त्याहून मऊ खड्यावर धूळ बसली आणि तुम्ही ती कोरड्या कापडाने पुसली, की प्रत्येक पुसण्यासरशी बारीक ओरखडे उमटतात. वर्षभरात चकाकी मंद होते. पिरोज्याची कठिणता ५ ते ६, टँझनाइटची साधारण ६.५. झिरकॉनची बहुधा ७ ते ७.५ असते, पण तो ठिसूळ असल्यामुळे पैलूंच्या कडा झडतात. पूर्वी व्यापारी बरेच झिरकॉन कागदाच्या एकाच पुडीत ठेवत आणि ते एकमेकांवर घासून त्यांच्या कडा बोथट होत. म्हणून झिरकॉनचा दागिना डबीत नेहमी एकटा ठेवायचा.

टँझनाइटमध्ये आणखी एक कच्चा दुवा आहे. त्याच्या स्फटिकात एका दिशेने सहज फुटण्याचा गुण असतो. टेबलाच्या कडेवर नेमका तसा आघात बसला तर खडा ओरखडत नाही, सरळ चिरतो. तापमानात एकदम बदल झाला तरी हेच होऊ शकतं. थंडीतून आत आल्याआल्या अंगठी घातलेला हात गरम पाण्याखाली धरू नये.

तरीही टँझनाइटची अंगठी करायचीच ठरली, तर खड्याभोवती धातूची सलग कड असलेलं बंद कोंदण करून घ्या. नखांनी, म्हणजे कोंदणाच्या धातूच्या आकड्यांनी, धरलेला उंच खडा दिसतो सुंदर, पण तोच आधी आपटतो, शिवाय हिवाळ्यात लोकरीत अडकून नखं वाकतात. खड्याचा माथा कोंदणाच्या कडेच्या फार वर येणार नाही असं सोनाराला सांगा. माप संध्याकाळी, ऊबदार खोलीत घ्या. गारठ्यात बोटं आक्रसतात, त्या वेळी घेतलेलं माप पुढे घट्ट होतं.

आता ओळख. टँझनाइट वेगवेगळ्या दिशांनी वेगवेगळा रंग दाखवतो. खडा बोटांत फिरवला की एका बाजूने निळा आणि दुसऱ्या बाजूने जांभळट दिसला पाहिजे. कसाही फिरवला तरी एकच रंग दिसणारा खडा बहुधा काच असते. दिवसाच्या उजेडात तो निळ्याकडे झुकतो आणि पिवळ्या बल्बखाली जांभळ्याकडे, म्हणून दोन्ही उजेडांत बघूनच घ्या. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा फिके दिसतात. गडद निळाईवर मन जडलं असेल तर लहान खड्यांची रांग करण्याऐवजी एकच मोठा खडा घ्या. जवळजवळ सगळे टँझनाइट तापवलेले असतात. मुळातला तपकिरी खडा सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला तापवला की निळा होतो. तो रंग टिकाऊ असतो, त्यात फसवणूक नाही. मात्र "प्रयोगशाळेत बनवलेला टँझनाइट" असं सांगून कुणी काही दाखवलं तर ते दुसरंच काहीतरी असतं, बऱ्याचदा कृत्रिम फोर्स्टराइट, म्हणजे एक वेगळंच खनिज.

झिरकॉनच्या बाबतीत सगळा गोंधळ नावाचा आहे, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण फार देखणा खडा त्यात मागे पडतो. झिरकॉन म्हणजे झिर्कोनियम सिलिकेट, निसर्गात तयार झालेलं खनिज. पश्चिम ऑस्ट्रेलियात सापडलेले त्याचे काही कण सुमारे ४४० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. आपण "अमेरिकन डायमंड" म्हणतो तो क्युबिक झिर्कोनिया म्हणजे माणसाने बनवलेला झिर्कोनियम ऑक्साइड. दुकानात नुसतं "झिरकॉन दाखवा" म्हटलं की पुष्कळदा तोच समोर येतो. "नैसर्गिक झिरकॉन" म्हणा आणि पावतीवर तसंच लिहून घ्या. जुन्या पुस्तकांत गोमेदाचा अर्थ कुठेकुठे झिरकॉन दिलेला असतो, पण व्यवहारात गोमेद म्हणून मिळतो तो हेसोनाइट, म्हणजे गार्नेटच्या कुळातला.

दहापट भिंग असेल तर खात्री घरीही होते. खड्याच्या माथ्यातून आत बघा आणि मागच्या पैलूंच्या कडांवर नजर ठेवा. झिरकॉनमध्ये प्रत्येक कड दोन रेघांसारखी दिसते, कारण आत शिरलेला प्रकाश दोन वाटांनी फुटतो. क्युबिक झिर्कोनियात हे होत नाही. अगदी सरळ बघताना दुहेरी रेघ दिसली नाही तर लगेच निष्कर्ष काढू नका. खडा थोडा तिरका करून पुन्हा बघा, एका ठरावीक दिशेने झिरकॉनमध्येही कडा एकेरीच दिसतात. निळा झिरकॉन तापवूनच निळा झालेला असतो आणि प्रखर अतिनील दिव्याखाली फार वेळ राहिला तर तपकिरीकडे जाऊ शकतो.

तुलना करताना कॅरेटवर जाऊ नका. कॅरेट म्हणजे वजन, ०.२ ग्रॅम. झिरकॉन फार जड असतो. हिऱ्याएवढ्याच आकाराचा झिरकॉन वजनात साधारण तीस टक्के जास्त भरतो, म्हणजे एक कॅरेटचा झिरकॉन एक कॅरेटच्या हिऱ्यापेक्षा लहान दिसेल. मिलिमीटर विचारा.

पिरोज्यात सच्छिद्रता हा खरा प्रश्न. तेल, घाम, अत्तर, हातांना लावायचं क्रीम, सगळं तो शोषतो आणि निळ्याचा हिरवट होतो. हा बदल परत फिरवता येत नाही. म्हणून बाजारातला बराचसा पिरोजा राळ भरून पक्का केलेला असतो. रोज वापरायला तो उलट बरा, फक्त विक्रेत्याने तसं सांगायला हवं. रंगवलेला हाउलाइट किंवा मॅग्नेसाइट (दोन्ही पांढरी खनिजं) पिरोजा म्हणून खपवला जातो, तिथे सावध राहा. मण्यांची माळ असेल तर दोरा सरकवून भोकाच्या आत बघा. आत पांढरं दिसलं तर वरचा निळा रंग चढवलेला आहे. ॲसिटोनने पुसून बघण्याची किंवा तापलेली सुई टोचण्याची परीक्षा तयार दागिन्यावर करू नका, खडा खरा असला तरी खराब होईल.

साफसफाई: टँझनाइट आणि झिरकॉनला कोमट पाणी, सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश. पिरोजा फक्त ओलसर मऊ कापडाने पुसा, पाण्यात बुडवू नका. अल्ट्रासॉनिक मशीन आणि वाफ तिघांनाही वर्ज्य.

सुट्ट्यांच्या आत दागिना हातात हवा असेल तर तीन-चार आठवडे आधी कामाला लावा. घाईत होणारी सगळ्यांत महाग चूक म्हणजे अंगठी लहान-मोठी करताना खडा जागेवर ठेवून डाग देणं, म्हणजे आचेने धातू जोडणं. त्या आचेने टँझनाइट तडकतो, पिरोज्याचा रंग जातो, झिरकॉनचाही बदलू शकतो. "आधी खडा काढा, मग डाग द्या" हे तोंडी न सांगता कामाच्या चिठ्ठीवर लिहून द्या, आणि भेट देताना तीच सूचना डबीतही ठेवा, कारण पुढच्या वेळी माप बदलायला ती व्यक्ती एकटीच जाईल.