सात ठिपक्यांचा चाकू, पॉलिश करू का?

प्रश्न : मी चार वर्षं पिट्सबर्गला आहे. शेजारचे आजोबा घडीच्या जुन्या चाकूंचे शौकीन, दर डिसेंबरात ख्रिसमसच्या आधीच्या रविवारी त्यांच्या बेसमेंटमध्ये सात-आठ म्हातारे जमतात, खाणंपिणं आणि वर्षभरात कोणाला काय मिळालं याच्या गप्पा. यंदा मलाही बोलावलंय, कारण उन्हाळ्यात त्यांनी त्यांचाच एक चाकू मला दिला. तीन पाती, पात्याच्या बुडाशी 'केस एक्सएक्स यूएसए', खाली सात ठिपके, मागे 6318. पाती काळीनिळी पडलीयेत. चकचकीत करून नेऊ का? आणि तिथे बोलू काय, मला यातलं ओ की ठो कळत नाही. ता. क. : चाकू देताना त्यांनी माझ्याकडून एक पेनी मागून घेतली, हा काय प्रकार?

उत्तर : नका हो नका! तो काळानिळा रंग म्हणजे गंज नाही, कार्बन स्टीलवर कांदा, सफरचंद, मांस कापून कापून बसलेला थर आहे तो, त्याला पॅटिना म्हणतात आणि लाल गंजापासून तोच थोडंफार वाचवतो. मी स्वतः हा शहाणपणा करून बसलोय. माझ्या आजोबांचा इंग्लंडच्या शेफिल्डमधल्या रॉजर्स कंपनीचा चाकू होता, सुपारीपासून पेन्सिलीपर्यंत सगळं त्यानेच व्हायचं, आणि मी कॉलेजात असताना दिवाळीच्या साफसफाईत पॉलिश पेपर घेऊन बसलो, तासाभरात पातं आरशासारखं झालं आणि त्यावरचा तारा आणि क्रॉस, म्हणजे रॉजर्सची खूणच, पुसली गेली. आता तो रॉजर्स आहे हे फक्त मी सांगतो म्हणून. तुम्ही पात्यावरून मऊ कापड फिरवा, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा, जास्तीचं पुसून घ्या, बास. गोडं तेल अजिबात नको, चिकट होऊन बसतं. आणि चामड्याच्या म्यानात कायमचा ठेवू नका, चामडं ओल धरतं.

आता ठिपके. केस कंपनी तुमच्याच राज्यातली, उत्तरेला ब्रॅडफर्डची, झिप्पो लायटरही त्याच गावचा. 1970 साली त्यांनी शिक्क्याखाली दहा ठिपके टाकायला सुरुवात केली आणि दर वर्षी एक कमी करत गेले, म्हणजे तुमचे सात ठिपके 1973 चे. पण घाई नको, भिंग घेऊन शिक्क्यातला 'एस' बघा. 1980 पासून पुन्हा दहापासून उलटी मोजणी सुरू केली तेव्हा एस विजेसारखा वाकडातिकडा केला, तसा असेल तर चाकू 1983 चा. आकड्यांचंही तसंच, 6318 मधला 6 मुठीचा (खाचाखाचांचं हाड, निदान नियमाने तरी), 3 म्हणजे तीन पाती, 18 हा नमुना. या तीन पात्यांच्या प्रकाराला स्टॉकमन म्हणतात, गुरं पाळणाऱ्यांचा चाकू. त्यातलं आखूड, बोथट टोकाचं पातं मुळात वासरं खच्ची करायला होतं. सफरचंद कापताना हे सांगायचं का नाही ते तुम्ही बघा.

बोलायचं टेन्शन घेऊ नका. अशा बैठकीत दोन जातीची माणसं असतात, एक डबीतून न वापरलेला चाकू काढणारी आणि दुसरी खिशातून काढणारी, मी तरी दुसऱ्यांच्या शेजारी बसेन कारण गोष्टी त्यांच्याकडेच असतात. कोणाचा चाकू हातात घेण्याआधी विचारा, सावकाश उघडा, पातं सटकन मिटू देऊ नका, धार बघायला हातावरचे केस तर मुळीच काढू नका. पात्याला बोट लागलं की पुसून, मिटून परत द्या, घामाने डाग पडतात. पातं उघडतानाचा तो 'टक्' आवाज ते कान देऊन ऐकतात, त्यांच्यात पातं फिरण्याच्या सफाईला 'वॉक' आणि त्या आवाजाला 'टॉक' म्हणतात, तुम्हीही ऐका. आणि तुमचा चाकू तिथेच चीज कापायला काढा, आजोबा खूश होतील. त्यांनी दिला तो वापरायलाच ना!

पेनीचं सोपं आहे. चाकू भेट दिला की मैत्री तुटते असा तिकडेही समज, मग नाणं घेऊन विकला असं करायचं. आपल्याकडे नाही का, मिरची नि चाकू हातातून हातात देत नाहीत, आधी खाली ठेवतात मग दुसरा उचलतो. सुट्टीत इकडे आणाल तर चेक-इन बॅगेत गुंडाळून, केबिनमध्ये नेलात तर सिक्युरिटीवाल्यांकडेच राहील. आणि खंडेनवमीला पूजा जरूर करा पण ओलं हळदकुंकू रात्रभर पात्यावर ठेवू नका, आमच्या रॉजर्सवर एक डाग तसलाच आहे.

प्रश्न : भावाने फ्रान्सहून लाकडी मुठीचा ओपिनेल आणला. रत्नागिरीत जून लागला आणि तो उघडेचना. बिघडला का?

उत्तर : बिघडला नाही, फुगलाय! मूठ लाकडाची, आपली हवा दमट. नख तुटेपर्यंत ओढू नका. आधी पात्याच्या बुडाशी पातं अडकवणारी गोल कडी असते ती 'उघड्या' बाजूला फिरवा, मग मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर हलकेच ठोका, पातं जरासं वर येतं, मग धरून उघडा. ओपिनेल फ्रान्समधल्या ज्या सॅव्हॉय भागातला तिथले लोक हेच करतात. नंतर दोन दिवस डब्यात कोरड्या तांदळात ठेवा आणि मुठीला जवसाचं तेल चोळा. भांड्यांबरोबर सिंकमध्ये भिजत टाकणारं घरात कोणी असेल तर आधी त्यांच्याशी बोला.