उष्ण कटिबंधातील बेटावरच्या स्वस्त हॉस्टेलमध्ये बॅकपॅकरचा दिवस कसा जातो?

तुम्ही विचारले आहे की, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी जाता येईल एवढ्याशा बेटावर, अनोळखी माणसांनी भरलेल्या खोलीत राहून बॅकपॅकर, म्हणजे पाठीवर सामान घेऊन कमी खर्चात फिरणारा प्रवासी, दिवसभर करतो तरी काय, आणि दोन दिवसांत त्याला कंटाळा येत नाही का. अशा हॉस्टेलांमध्ये मी बऱ्याचदा, आणि मुक्काम लांबवून, राहिले आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे तेथील दिवस ऊन आणि पाणी या दोन गोष्टीच आखून देतात. हे ज्याच्या लवकर लक्षात येते त्याचा दिवस भरगच्च जातो, आणि जो शहरातले वेळापत्रक सोबत घेऊन येतो तो दुपारी बारा वाजता तापलेल्या वाळूत उभा राहून वैतागतो.

दिवस पहाटेच सुरू होतो, आणि तोही बहुधा दुसऱ्याच्या कृपेने. पहिली फेरीबोट गाठायला निघालेला कोणीतरी अंधारात प्लॅस्टिकच्या पिशव्या चुरचुरवत सामान भरू लागतो आणि सगळी डॉर्म, म्हणजे अनेकांची मिळून असलेली झोपायची खोली, जागी होते. सामान आदल्या रात्रीच बांधून ठेवावे आणि मोबाइलचा दिवा इतरांच्या डोळ्यांवर पाडू नये, एवढे पथ्य पाळणाऱ्या माणसाविषयी मला मनापासून आदर वाटतो. अर्थात लवकर उठण्यात तोटा काहीच नाही. विषुववृत्ताजवळ वर्षभर दिवस आणि रात्र जवळपास सारखीच असतात. दहा अंश अक्षांशावरसुद्धा वर्षातील सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांत जेमतेम सव्वा तासाचा फरक पडतो. म्हणजे उन्हाळ्यातली लांबलेली संध्याकाळ तेथे मिळत नाही, आणि जे काही करायचे ते सकाळच्या पहिल्या तीन-चार तासांत उरकलेले बरे. वारा तेव्हा बहुधा मंद असतो, पाणी निवळलेले असते आणि खारे वारे अजून जोर धरायचे असतात, म्हणून स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे तोंडात श्वासनळी धरून पृष्ठभागावरून पाण्याखालचे पाहत पोहण्यासाठी, हीच वेळ उत्तम. मात्र आधी भरती-ओहोटीची वेळ पाहून घ्यावी. ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाच्या ओहोटीला पाणी इतके उतरते की प्रवाळावर पाय पडल्यावाचून पोहता येत नाही. प्रवाळाने कापलेली जखम दमट हवेत चटकन चिघळते. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घातला तर उन्हापासूनही बचाव होतो आणि सनस्क्रीनही कमी लागते. ऑक्सिबेन्झोनसारखी प्रवाळाला अपायकारक मानली जाणारी रसायने असलेल्या सनस्क्रीनवर प्रशांत महासागरातील पलाऊ या देशाने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून बंदी घातली आहे.

परत आल्यावर अंघोळ, आणि येथे बेटावरचे खरे जीवन सुरू होते. नळाची धार बारीक का, पाणी किंचित मचूळ का, आणि ‘कमी वेळात अंघोळ करा’ अशी पाटी दारावर का, याचे उत्तर जमिनीखाली असते. लहान बेटावर नदी किंवा तलाव सहसा नसतो. पावसाचे मुरलेले गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराच्या थराच्या रूपात तरंगत असते. गोडे पाणी थोडेसे हलके असल्यामुळे समुद्रसपाटीच्या वर त्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली साधारण ४० मीटर गोडे पाणी असते, असा ढोबळ हिशेब मांडला जातो. पण तोच हिशेब उलटाही चालतो: उपसा वाढून वरची पातळी थोडी जरी उतरली, तरी खालून खारे पाणी कितीतरी पटींनी वर सरकते. काही बेटे समुद्राचे पाणी गोडे करून वापरतात, परंतु ती व्यवस्थाही नाजूक असते. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी माले येथील अशा प्रकल्पाला आग लागली, तेव्हा भारताला विमानांनी आणि जहाजांनी पिण्याचे पाणी पाठवावे लागले होते. म्हणून मी समुद्रातून आल्यावर एकदाच अंघोळ करते, त्याच वेळी अंगावरचे कपडे धुऊन घेते आणि बाटली हॉस्टेलमधल्या मोठ्या जारमधून भरते. पंचा मात्र दोन दिवस वाळत नाही, त्यामुळे पातळ पंचाच न्यावा.

दुपारी बाहेर पडू नये. उन्हातील अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा अतिनील निर्देशांक ११ किंवा त्याहून अधिक झाला की जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत तो ‘अतितीव्र’ ठरतो, आणि उष्ण कटिबंधात निरभ्र दुपारी तो सहज तेवढा असतो. तुम्हाला ज्या कंटाळ्याची भीती वाटते तो याच तीन-चार तासांत येईल असे वाटते, पण मला हाच भाग सर्वांत आवडतो. सगळेजण सावलीला, पंख्याखाली, एका सामाईक खोलीत अडकलेले असतात. चार्जिंगचे सॉकेट माणसांपेक्षा कमी असतात, आणि त्या रांगेतूनच ओळखी होतात. कोणत्या बेटावर डासांचा त्रास आहे, कोणती बोट वेळेवर सुटते, कोठे चिखलामुळे वाट बंद आहे, ही ताजी माहिती येथे फुकट मिळते. जर्मनीतील शिक्षक रिखार्ड शिरमन यांनी १९१२ मध्ये अल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमस्वरूपी युवा वसतिगृह सुरू केले ते पदभ्रमंती करणाऱ्या शाळकरी मुलांसाठी. आज हॉस्टेलांमधले वातावरण पुष्कळ बदलले असले, तरी स्वस्त पलंग आणि सामाईक खोली ही जोडी टिकून आहे. पलंगाच्या दरापेक्षा ही खोली कशी आहे, ते पाहून हॉस्टेल निवडावे असे माझे मत आहे. रात्रभर संगीत वाजवणारे हॉस्टेल निवडायचे आणि मग झोपेविषयी तक्रार करायची, याला अर्थ नाही. अलीकडच्या पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय वाचले की हॉस्टेल कोणत्या जातीचे आहे ते लगेच कळते.

चारनंतर पुन्हा पाय मोकळे करता येतात. एक सावधगिरी: डेंग्यू पसरवणारे एडिस डास दिवसा चावतात, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वीच्या काही तासांत, त्यामुळे डास प्रतिबंधक मलम फक्त रात्रीसाठी राखून ठेवू नये. नारळाच्या झाडाखाली पथारी पसरण्यापूर्वी वर पाहावे, हे सांगायला नको. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो, म्हणून पलीकडच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहायला जाताना विजेरी हवीच.

रात्रीविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. पहिल्याच दिवशी गादीच्या शिवणी तपासून ढेकूण नाहीत ना ते पाहावे, मौल्यवान वस्तू लॉकरमध्ये ठेवाव्यात आणि कानात बोळे घालून झोपावे.

मुक्काम आखताना शेवटचा दिवस मात्र रिकामा ठेवा. एकाहून अधिक वेळा स्कूबा डायव्हिंग (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली बुडी) केले असेल, तर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास थांबण्याचा सल्ला दिला जातो. शिवाय समुद्र खवळला की फेरीबोट रद्द होते, आणि परतीचे विमान त्याच दिवशीचे असेल तर ते चुकते.